मांडवावरचा पाहुणा

मोरघार ही घार नव्हे. नाव घारीचे, डोक्यावरचा तुरा मोराच्या घरचा आणि जात गरुडाची, असा हा पक्षी आहे. ओळखायचा असेल तर आधी पायांकडे पाहावे. गावात उकिरड्यावर घिरट्या घालणाऱ्या साध्या घारीचे पाय खाली उघडे असतात. मोरघारीला मात्र थेट बोटांपर्यंत पिसांचा पायजमा असतो. नोकरीत हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवले आहे की, आता घरात मी ‘पाय’ एवढा शब्द उच्चारला तरी नातवंडे पुढचे एका सुरात म्हणून दाखवतात.

वनखात्यात येण्यापूर्वी काही वर्षे मी प्राथमिक शाळेत शिकवत असे. वनपाल झालो तरी शिकवण्याची सवय गेली नाही. फळ्याच्या जागी जमीन आली आणि खडूच्या जागी काडी, एवढाच फरक पडला. यवतमाळ जिल्ह्यात जिथे जिथे माझी नेमणूक झाली, तिथे आठवडाभरात माझा ‘साहेब’ पुसला जाऊन ‘गुरुजी’ होत असे. त्याची मला खंत नाही. साहेबाला लोक टाळतात, गुरुजींना निदान उत्तर देतात.

नोकरीच्या उत्तरार्धात माझ्याकडे एक वेगळे काम आले. जंगलातल्या शिकारी पक्ष्यांची घरटी शोधायची, त्यांवर लांबून लक्ष ठेवायचे आणि पिल्लू उडून जाईपर्यंत त्याला कोणी धक्का लावणार नाही असे पाहायचे. ऐकायला हे सोपे वाटते. पण मोरघार वर्षाकाठी एकच अंडे घालते. ते वाया गेले तर त्या जोडीचे बहुधा ते वर्ष वाया जाते. घरट्यासाठी तिला जुने, उंच झाड लागते, आणि आमच्याकडे जुनी झाडे जुन्या माणसांसारखीच एकेक करून जात होती. त्यामागोमाग मोरघारीही जात होत्या.

कामाची पद्धत थोडक्यात सांगतो. घरट्याजवळ कधीही जायचे नाही. आपण गेलो की आपल्या मागून कुतूहल जाते, आणि कुतूहलाच्या हातात बहुधा गोफण असते. रोज एकाच वाटेने जायचे नाही, कारण पायवाट पडली की ती सर्वांनाच घरटे दाखवते. लांब बसून दुर्बिणीतून पाहायचे. जोडी शिकारीला दूर गेली की झाडाखाली पटकन जाऊन येता येते. तिथे विष्ठेचे पांढरे पट्टे, सांडलेली पिसे आणि पक्ष्याने ओकून टाकलेल्या गोळ्या सापडतात. न पचलेली हाडे, केस आणि पिसे यांची ती गोळी असते. ती फोडली की पक्षी काल काय जेवला ते कळते. ह्या गोळ्या मी घरी आणू नयेत, अशी एकमेव अट सौभाग्यवतीने घातली होती. ती मी पुष्कळदा पाळली.

माहिती देणारेही नाना तऱ्हेचे भेटत. कळंबच्या एका किराणा दुकानदारांनी निरोपावर निरोप पाठवून मला बोलावले आणि गच्चीवरचे ‘गरुडाचे घरटे’ दाखवले. घरटे कावळ्याचे होते, आणि त्यात त्यांच्याच सुनेचा हरवलेला चमचा निघाला. दुकानदारांना तेवढ्यानेही समाधान झाले. वणीहून एकदा कळले, कोळशाच्या ढिगावर काळा गरुड बसतो. बस पकडून गेलो. काळा गरुड म्हणजे कोळशाची धूळ अंगावर घेतलेली साधी घार होती. मी नियमाप्रमाणे पायांकडे पाहिले. तेही काळेच होते.

पण आज सांगायची आहे ती हकीकत मुकुटबनच्या पुढे, जंगलाच्या कडेला असलेल्या एका छोट्या गावातली. त्याला आपण मोहाटेकडी म्हणू.

ती कापसाची वाईट वर्षे होती. बोंडांत अळी आणि बाजारात मंदी, असा दोन्हीकडून मार होता. फवारण्या इतक्या होत की वाऱ्याबरोबर औषधाचा वास जंगलात यायचा आणि शेताच्या बांधावर मेलेले उंदीर, साळुंक्या दिसायच्या. मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर शिकारी पक्ष्याने खाल्ला तर विष त्याच्याही पोटात जाते. मी ज्या घरट्यांवर लक्ष ठेवून होतो, त्यांतले एक झाडासकट गेले होते. दुसऱ्यात अंडे होते, पण पिल्लू निघालेच नाही. मोहाटेकडीच्या नाल्याकाठी अर्जुनाच्या एका जुन्या झाडावर एक जोडी उरली होती आणि त्या वर्षी तिच्या घरट्यात पिल्लू होते. माझ्या हद्दीतले ते एकमेव पिल्लू.

त्याच सुमारास नुसत्या कापसावर विसंबू नका, जोडधंदा करा, असा वरून आदेश निघाला आणि मोहाटेकडीच्या महिला बचत गटाला कोंबड्या मिळाल्या. गावरान कोंबडी रंगाने मातकट, अंगाने चपळ आणि स्वभावाने संशयी असते. आकाशात सावली हलली की ती बाभळीच्या बुडाशी गडप होते. योजनेतल्या कोंबड्या पांढऱ्याशुभ्र, लठ्ठ आणि अत्यंत विश्वासू होत्या. मोरघारीच्या दृष्टीने पाहिले तर अर्जुनाच्या शेंड्यावरून दिसेल असे ताट कोणीतरी वाढून ठेवले होते.

अर्जुनाखाली पांढरी पिसे पडू लागली. मग गटाच्या अध्यक्ष सुभद्राबाई मला शोधत आल्या. उंच, सडपातळ, कमरेला पदर खोचलेला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांवरून नजर हलवत नसत.

“गुरुजी, तुमची घारीन आमच्या कोंबड्या नेऊन राह्यली.”

“सुभद्राबाई, ती घार नव्हे. तिच्या पायांकडे पाहिलंत तर—”

“पाह्यले ना पाय! माही कोंबडी होती त्याच्यात.”

मी वही काढून एक कोंबडी लिहून घेतली.

“बाया म्हनतात, झाडावर पोट्टे चढवा अन् खोपा खाली पाडा,” त्या म्हणाल्या. “मी थांबवून ठेवलं. पन कितीक दिवस थांबवू? कोंबड्या माह्या एकटीच्या नाहीत, साऱ्यायच्या हायेत.”

मी पिल्लाविषयी सांगितले. वर्षातून एकच अंडे, हद्दीतले शेवटचे घरटे, सगळे. त्यांनी शांतपणे ऐकले. “मंदाचं लगन हाये पुढच्या हप्त्यात,” त्या म्हणाल्या. मंदा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. “लगनापर्यंत कोनाले झाडावर चढू देत नाही. मंग मात्र माह्या हातात नाही.”

पुढच्या आठवड्यात एक विचित्र गोष्ट घडली. अर्जुनाखाली पांढरी पिसे पडणे बंद झाले. एकही नाही. घरट्यावर मादी बसलेली दिसे, पण शिकार आणणारा नर माझ्या बसण्याच्या वेळात दिसेना. माझ्यासोबत कुडमेथे नावाचे वनरक्षक असत. कमी बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, “फवारनीचा उंदीर खाल्ला असन जी त्यानं.” मलाही तीच भीती होती. नर मेला, तर मादी एकटी पिल्लाला वाढवू शकेल याची खात्री नव्हती. की कोणी मुद्दाम विषारी कोंबडी टाकली? विचारायला हवे, म्हणून आम्ही दोघे गणवेशात, गंभीर चेहरे करून सुभद्राबाईंच्या घरी गेलो.

दिवस लग्नाचा होता, हे माझ्या लक्षातच नव्हते.

दारात कोणीतरी आमच्या कपाळाला गंध लावले, कोणीतरी हाताला धरून पंगतीत बसवले आणि प्रश्न विचारण्यापूर्वी पत्रावळीवर भात पडला. अंगणभर मांडव होता. वर जांभळीचे डहाळे आणि त्यांच्याखाली पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उपटलेली वाळकी झाडे. त्या वर्षी कापसाने दुसरे काही दिले नव्हते. सावली मात्र दिली होती.

पहिला घास तोंडात घातला आणि पायाला काहीतरी टोचले. खाली पाहिले तर पांढरी कोंबडी माझ्या पत्रावळीतला भात वेचत होती. तिच्या शेजारी दुसरी. पंगतीच्या दोन ओळींमधून सगळा बचत गट फिरत होता. कोंबड्यांचाही आणि बायकांचाही. आठवड्यापूर्वी मांडव घातल्यापासून गावभरच्या कोंबड्या सांडलेल्या दाण्यांसाठी आणि भातासाठी त्याच्याखाली मुक्कामाला आल्या होत्या.

तेवढ्यात मांडवाबाहेरच्या उन्हात जमिनीवरून एक रुंद सावली सरकत गेली. ती वळली, परत आली, आणि तशीच नाल्याकडे निघून गेली. मी मान वाकडी करून वर पाहिले. नर! धडधाकट, तुरा ताठ, आणि माझ्या अंदाजाने चांगलाच वैतागलेला. तो रोज ह्याच वेळी इथे येत होता आणि मांडवाला टाळून रिकाम्या हाताने जंगलात शिकारीला जात होता. माझ्या तोंडून “जिवंत आहे!” असे निघाले आणि भात श्वासनळीत गेला.

“मिरची लागली गुरुजीले, पानी आना!” कोणीतरी ओरडले. कुडमेथ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या आणि शांतपणे दुसऱ्यांदा वरण मागितले.

लग्न आटोपले. दुसऱ्या दिवशी मी सुभद्राबाईंकडे गेलो आणि जमिनीवर काडीने आकृती काढून समजावले. हा अर्जुन, हा मांडव, ही पक्ष्याची नजर. शिकार दिसते ती वरून, आणि झडप घालायलाही त्याला मोकळी जागा लागते. मांडव आहे तोवर कोंबड्या सुरक्षित. आणि कोंबड्या सुरक्षित, तोवर घरटे सुरक्षित. पिल्लू उडेपर्यंत मांडव उतरवू नये, एवढीच विनंती.

सुभद्राबाईंनी आकृतीतल्या मांडवावर बोट ठेवले. मग म्हणाल्या, “अवो गुरुजी, तुमाले आमची रीत मालूम नाही. मांडव उभा हाये म्हनजे लगन चालूच हाये.”

“म्हणजे?”

“म्हनजे मांडव उतरेपर्यंत मंदा माहेरी येऊ शकत नाही. लगनच सरलं नाही, तं पोट्टी माहेरपनाले कशी येईन? पाच दिवसांनी मांडव उतरवायचा अन् तिले आनायचं, असं ठरलं हाये.” त्यांनी पहिल्यांदाच नजर हलवली. “तुमची घारीन आपल्या लेकराजवळ राह्यली पाह्यजे म्हून माही पोरगी माह्याजवळ यायची नाही, असं म्हनता तुमी?”

वर्गात मुलाने बिनतोड प्रश्न विचारला की शिक्षक घड्याळाकडे पाहतो. मीही पाहिले. “मी आग्रह करणार नाही,” असे म्हणून उठलो.

त्यांनी रात्रभर विचार केला असावा, कारण सकाळी त्या स्वतःच आमच्या क्वार्टरवर आल्या. “बायायले इचारलं. कोंबड्या वाचतात तं मांडव राहू द्या म्हनतात. राहू देतो. पन डहाळे वाळून राह्यले. ताजे तुमी आनून द्यायचे. आमी तोडले तं तुमीच पकडता.”

हे अगदी खरे होते. आयुष्यभर ज्याने लोकांच्या डोक्यावरच्या मोळ्या उतरवल्या, त्या वनपालाला आता मोळी पुरवायची होती. क्वार्टरच्या अंगणातला कडुनिंब नियमात बसत होता. त्याच्या फांद्या छाटून सायकलला बांधून मी नेऊ लागलो, आणि वाटेत भेटणारा प्रत्येक जण अत्यंत आदराने, “गुरुजी, पावती फाडू का?” असे विचारू लागला. गंमत अशी की मोरघारही आपल्या घरट्यात वरचेवर हिरवी पाने आणून घालते. का, याविषयी जाणकारांचे एकमत नाही. दुर्बिणीतून मी तिला डहाळी घेऊन येताना पाही, आणि बहुधा तीही मला पाहत असावी.

उभ्या मांडवाचा दुसरा परिणाम माझ्या आकृतीत नव्हता. लग्न चालू असेल, तर नवरदेवाकडचे पाहुणे केव्हाही येऊ शकतात, आणि आले की त्यांना लग्नाचेच जेवण घालावे लागते. मंदाचे सासरे दौलतराव वणीला कोळशाच्या ट्रकवर चालक होते. देह मोठा, हसणे त्याहून मोठे. त्यांचा ट्रक मोहाटेकडीच्या फाट्यावरून जाई.

“रस्त्यावरून मांडव दिसला, बाप्पा,” ते पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले. “म्हटलं, लगन अजून चालूच हाये. मंग जेवल्याबिगर गेलो, तं तुमचीच बदनामी व्हईन.”

कोंबडी कापली गेली. पुढच्या खेपेला त्यांच्यासोबत ट्रकचा क्लीनर होता. त्याच्या पुढच्या खेपेला चुलतभाऊ. मोरघारीच्या तावडीतून सुटलेल्या कोंबड्या एकामागून एक दौलतरावांच्या पत्रावळीवर येऊ लागल्या. सुभद्राबाई मला म्हणाल्या, “गुरुजी, तुमची घारीन परवडली. एका टायमाले एकच नेते, अन् वरून रस्सा मागत नाही.”

“मांडव उतरवायचा का?” मी भीतभीत विचारले.

“उतरवायचा असता तं तुमाले इचारलं असतं काय?” त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, “केवढं झालं तुमचं पिल्लू?”

त्यांनी ते विचारण्याची ती पहिली वेळ होती. त्यानंतर रोजच विचारू लागल्या. मी सांगत असे: पांढरी लव गेली, पिसे आली, आज घरट्याच्या काठावर उभे राहून पंख फडफडवले, आज जवळच्या फांदीवर गेले आणि परत येता येईना म्हणून ओरडत बसले. हे ऐकून त्या हसल्या. “मंदा अशीच होती. बोरीवर चढे, अन् मंग मलेच हाका मारे.”

ऊन तापले. एका सकाळी मी नाल्यापलीकडे बसलो होतो. वारा सुटला, पिल्लाने पंख उघडले आणि बहुधा त्याच्या मनात नसताना ते उडाले. जंगलाकडे वळायचे सोडून ते गावाकडे निघाले. पहिल्या उड्डाणात दिशा आणि उतरणे या दोन विषयांत बहुतेक पिल्ले नापास होतात. हेही वाऱ्यावर डुलत गेले आणि दिसेनासे झाले. मी धावलो. माझ्या वयाला आणि हुद्द्याला न शोभेल इतका धावलो.

पोहोचलो तेव्हा पिल्लू मांडवावर बसले होते. पंख पसरून, चोच उघडी टाकून, धापा टाकत. खाली दौलतराव जेवत होते आणि त्यांच्या रश्शात कडुनिंबाची वाळकी पाने पडली होती. कोंबड्या चिडीचूप झाल्या होत्या. गटातल्या बायका जमल्या; एकीच्या हातात लांब वेळू होता. मांडव बुटका, पिल्लू दमलेले. एक फटका पुरला असता, आणि माझ्या हद्दीतल्या मोरघारींचा प्रश्न कायमचा मिटला असता. मला बोलायला दमच उरला नव्हता.

“हानू का, सुभद्राबाई?”

सुभद्राबाई अंगणात आल्या. त्यांनी वर पाहिले. पिल्लानेही मान तिरकी करून त्यांच्याकडे पाहिले. दोघेही नजर न हलवणारे.

“वेळू ठेव खाली,” त्या म्हणाल्या. “मांडव उभा हाये. मांडवावर आलेल्याले काठी दाखवत नसतात.” मग पिल्लाला म्हणाल्या, “कोनाकडला रे तू? नवरदेवाकडलाच असशीन. बरोब्बर जेवनाच्या टायमाले आला.”

दौलतराव इतके हसले की त्यांनाही ठसका लागला.

सुभद्राबाईंनी चुलीजवळ बाजूला काढलेली कोंबडीची मान उचलली आणि वेळूच्या टोकावर ठेवून हळूच वर सरकवली. पिल्लू बावरले, मग एका पायाने तुकडा धरला. तेवढ्यात नाल्याकडून आईची शीळ आली, सुरासुराने चढत जाणारी. पिल्लाने पंख उघडले आणि या वेळी योग्य दिशेने गेले. अंगणातल्या बायका टाचा उंचावून पाहत राहिल्या. मी दुर्बीण लावली. झाडीच्या अलीकडे, मोकळ्या वावरावर त्याच्या पायातून तुकडा सुटला. खाली एक कावळा जणू त्यासाठीच नेमलेला होता. तो तुकडा घेऊन गेला.

मांडव त्याच संध्याकाळी उतरला. पऱ्हाटी चुलीत गेली.

पुढच्या वर्षी जोडी पुन्हा आली, त्याच्या पुढच्याही. मग नाल्यावरचा रस्ता रुंद झाला. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला बदलून गेलो होतो. परत आलो तेव्हा अर्जुनाच्या जागी मुरूम होता. मी सवयीने त्या मुरुमावर पिसे शोधली. मोजायला काही नव्हते. पण ते नंतरचे.

मांडव उतरल्यावर दोनच दिवसांनी मी मोहाटेकडीला गेलो. मंदा आली होती. आईच्या मांडीवर डोके ठेवून ओसरीत पडली होती, आणि सुभद्राबाई तिच्या केसांना तेल लावत होत्या. मला पाहून मंदा उठू लागली, तर त्यांनी तिला तसेच दाबून धरले.

“गुरुजी, तुमचं पिल्लू येईन का कधी माहेरी?”

मी नेहमीप्रमाणे व्यवस्थित समजावले. काही महिने आईबाप त्याला खाऊ घालतील, शिकार शिकवतील. मग आपल्या हद्दीतून बाहेर काढतील. ते दुसरे जंगल शोधेल. मोरघारींत माहेरपण नसते.

त्यांचा हात मंदाच्या केसांत थांबला.

“मंग बरं झालं,” त्या म्हणाल्या. “आपल्या मांडवातून जेवून तं गेलं. खाल्लं ना त्यानं?”

चुकीचे विधान दुरुस्त केल्याशिवाय पुढे जायचे नाही, हा माझा शाळेतला नियम आणि खात्यातलाही. दुर्बिणीतला कावळा मला स्पष्ट आठवत होता.

“पोटभर,” मी म्हणालो.